निर्वासितांची नवी भाषा आणि तासांचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निर्वासितांविषयीच्या बातम्यांत आणि चर्चांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘इतकी वर्षं झाली, अजून त्यांना तिथली भाषा येत नाही.’ ऐकायला ते बिनतोड वाटतं, पण त्यातलं मापच चुकलेलं आहे. शिकलेल्या भाषेचा हिशेब तासांत करावा लागतो, आणि ते तास माणसाच्या वाट्याला कधी, कसे आणि कुठल्या पायरीपासून आले हेही पाहावं लागतं. प्रौढांना दुसरी भाषा शिकवण्याच्या कामात असलेले आम्ही काही जण हा हिशेब जरा उलगडून मांडत आहोत. उदाहरणं बरीचशी जर्मनीची आहेत, कारण २०१५नंतर तिथे हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालं आणि तिथले नियम आकड्यांत सांगता येतात.

जर्मनीत २००५पासून सरकारी पाठबळावर ‘इंटिग्रेशन कोर्स’, म्हणजे नवागतांना समाजात सामावून घेण्यासाठीचा अभ्यासक्रम, चालतो. नेहमीच्या वर्गात भाषेच्या ६०० तासिका आणि देशाचे कायदे, इतिहास, समाज यांच्या १०० तासिका असतात. तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे घड्याळाने मोजलं तर भाषेचे फक्त ४५० तास. आठवड्याला २० तासिका धरल्या तर हे ३० आठवड्यांचं काम झालं. एवढ्यात बी-१ पातळी गाठायची असते. युरोपात भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या मानतात, त्यातली बी-१ ही तिसरी : रोजच्या व्यवहारात आपलं आपण निभावता येण्याची. जगभर जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूट या संस्थेच्या शब्दयाद्यांत ए-१साठी सुमारे ६५० शब्द आहेत आणि बी-१साठी सुमारे २,४००.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं तेव्हा जर्मनसाठी तीसेक ते छत्तीस आठवडे देतं आणि अरबीसाठी ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २,२०० तास. त्यांना गाठायची पातळी बी-१च्या बरीच वर असते, हे खरं. पण ते विद्यार्थी कोण? पदवीधर, चालू पगारावर शिकणारे, रात्री स्वतःच्या घरात निवांत झोपणारे. त्यातही इंग्रजी आणि जर्मन या एकाच कुळातल्या बहिणी. अरबीतून जर्मनमध्ये यायचं तर वाट लांबची आहे, आणि ती चालणाऱ्याच्या डोक्यात मागे राहिलेल्यांचा घोर असतो.

तास मोजायला लागलं की पहिली गोष्ट दिसते ती वाट पाहण्याची. आश्रयाचा अर्ज दिल्यापासून निकाल लागेपर्यंत महिने जातात, कधी वर्षाहून अधिक. जर्मनीत ऑक्टोबर २०१५पासून सीरिया, इराक, एरिट्रिया अशा देशांतून आलेल्यांना निकालाआधीच वर्गात जागा मिळू लागली, कारण त्यांना आश्रय मिळण्याची शक्यता जास्त मानली गेली. अफगाणिस्तानातून आलेल्यांना ही सवलत पुढे कित्येक वर्षं नव्हती. म्हणजे एकाच दिवशी, एकाच निवासात उतरलेल्या दोघांपैकी एक तिसऱ्या महिन्यात वर्गात बसायचा, दुसरा दीड वर्षाने. चौथ्या वर्षी दोघांबद्दल वाक्य मात्र एकच : ‘चार वर्षं झाली.’

मधल्या काळात स्वयंसेवकांचे वर्ग असतात. त्यांचे उपकार मोठे, पण गणित तोकडं : आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, म्हणजे वर्षाला फार तर दीडशे तास. त्यात दर मंगळवारी शिकवणारा वेगळा आणि वर्गात चार चेहरे नवे. नवा शिक्षक काय करतो? ‘माझं नाव अमुक’पासून सुरू करतो. तो पाठ एकेकाने आठ-दहा वेळा केलेला असतो. साध्या वहीत ‘आज कुठपर्यंत आलो’ एवढं लिहून ती पुढच्या शिक्षकाच्या हाती दिली तरी यातला निम्मा तोटा वाचतो. ही वही बहुतेक ठिकाणी नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोणत्याही निर्वासिताच्या बाबतीत त्याची मातृभाषा कोणती याच्याही आधी विचारायचा प्रश्न आहे : तो स्वतःच्या भाषेत लिहायला-वाचायला शिकला आहे का? डेन्मार्कमध्ये यावरून तीन वेगळे अभ्यासक्रम केलेले आहेत : निरक्षरांसाठी एक, थोडं शिकलेल्यांसाठी दुसरा, बरंच शिकलेल्यांसाठी तिसरा. स्वीडनमध्येही तीन वाटा आहेत. जर्मनीत निरक्षरांच्या वर्गात भाषेच्या तासिका ६००वरून ९००वर जातात, आणि जे साक्षर आहेत पण दुसऱ्या लिपीत, त्यांच्यासाठी आणखी वेगळा वर्ग असतो. दमास्कसचा दंतवैद्य आणि कधीच शाळेत न गेलेला मेंढपाळ हे दोघेही ‘अरबी बोलणारे’ म्हणून एका बाकावर बसवले की दोघांचंही नुकसान होतं. दंतवैद्याचा पहिल्या पंधरवड्यात कंटाळा, आणि मेंढपाळाच्या मनात कायमची खूणगाठ की आपल्याला हे जमणारच नाही.

निरक्षर प्रौढाला पहिल्यांदा रोमन लिपी शिकवताना काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मनगट ताठ आणि बोटांची पकड इतकी घट्ट, की वीस मिनिटांत हात भरून येतो. म्हणून सुरुवातीला लेखन पंधरा मिनिटांहून जास्त घेत नाहीत. ठळक दुरेघी वही, जाड त्रिकोणी पेन्सिल, आधी उभ्या रेघा, मग गोल, मग अक्षर. पुढचा अडसर आपल्याला सुचतही नाही असा असतो. वस्तू फिरवली म्हणून तिचं नाव बदलत नाही, हे माणसाला जन्मापासून ठाऊक असतं : कप उलटा धरला तरी कपच. पण ‘बी’ हे छोटं अक्षर आडवं उलटवलं की ‘डी’ होतं, खाली पाडलं की ‘पी’. चाळीस वर्षं जग बरोबर पाहणाऱ्या नजरेला हे नव्याने शिकावं लागतं. त्यात प्रत्येक अक्षराची चार रूपं : मोठं आणि छोटं, छापील आणि हस्तलिखित. छापील छोटा ‘ए’ आणि हाताने काढलेला ‘ए’ यांचं एकमेकांशी नातं आहे हे सांगितल्याशिवाय कळण्याजोगं नाही. सव्वीस अक्षरं म्हणता म्हणता शंभराच्या घरात आकार लक्षात ठेवावे लागतात. जर्मनमध्ये दोन टिंबांचे तीन स्वर आणि एक जादा ‘एस’ वर.

आकार ओळखू आले तरी वाचन येत नाही, कारण शब्दातले सुटे ध्वनी कानाला वेगळे ऐकू यावे लागतात. १९७९ साली पोर्तुगालमध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की शब्दातला पहिला ध्वनी काढून उरलेलं म्हणा, हे निरक्षर प्रौढांना जवळजवळ जमत नाही. मोठेपणी का होईना पण वाचायला शिकलेल्यांना जमतं. बुद्धीचा यात संबंध नाही. हा कान अक्षरांनीच तयार होतो. म्हणून चांगला शिक्षक वर्णमाला पहिल्या अक्षरापासून पाठ करून घेत नाही. ज्याचा अर्थ वर्गाला आधीच पक्का माहीत आहे असा तोंडी शब्द तो घेतो, टाळ्या वाजवत त्याचे तुकडे पाडतो, एकच अक्षर वेगळं काढतो आणि पुन्हा शब्द जोडतो. आठवड्याला तीन-चार अक्षरं, त्याहून जास्त नाही. पूर्ण वर्गाने मिळून केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल सगळ्यांनी तोंडी सांगायचं, शिक्षकाने ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचं आणि तोच मजकूर वाचनपाठ करायचा, ही पद्धतही फार उपयोगी पडते. पाठ्यपुस्तकातलं वाक्य परकं असतं, हे आपलं असतं.

साक्षर माणसाच्या अडचणी वेगळ्या. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे अरबी लिहिणारा रोमन लिपीतही नकळत स्वर गाळतो. शिक्षकाला वाटतं निष्काळजीपणा. खरं तर ती लेखनाची जुनी शिस्त असते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पोलित्साय’चं (पोलीस) ‘बोलित्साय’ होतं. जोडाक्षरांआधी किंवा मध्ये स्वर घुसतो, जसं मराठीत स्टेशनचं ‘इस्टेशन’ होतं. एरिट्रियात बोलल्या जाणाऱ्या तिग्रिन्या भाषेची लिपी आपल्या बाराखडीच्या जातीची, व्यंजनात स्वर मिसळलेली. त्यामुळे सुटं व्यंजन लिहिताना तिग्रिन्या भाषकाचाही हात अडखळतो. दोन टिंबांच्या स्वरांची तर सगळ्यांनाच धास्ती, पण त्यावर साधी युक्ती आहे. ओठ ‘ओ’ म्हणण्यासाठी गोल करायचे आणि ते तसेच ठेवून ‘ए’ म्हणायचं. ओठ ‘ऊ’चे आणि आवाज ‘ई’चा, की दुसरा स्वर. आरसा हातात देऊन रोज पाच मिनिटं केलं तर दोन आठवड्यांत जीभ वळायला लागते.

लिंगांचा घोळ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. तो, ती, ते अशी तीन लिंगं जर्मनमध्येही आहेत. फारसीत लिंगभेद मुळीच नाही आणि अरबीत दोनच लिंगं, त्यामुळे ‘मुलगी’ नपुंसकलिंगी कशी, यावर वर्गात हसू फुटतं. (आपण ‘ते पोर’ म्हणतोच की.) नियम सांगत बसण्यात अर्थ नाही; प्रत्येक नाम त्याचं लिंग दाखवणाऱ्या उपपदासकट आणि रंगासकट शिकवायचं, पुल्लिंगी निळं, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवं. एका तासाला आठ-दहापेक्षा जास्त नवे शब्द नकोत. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने फिरून यायला हवेत. तीस शब्दांची यादी देणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात पुढच्या सोमवारी चार शब्द शिल्लक असतात.

पुस्तकांत दुय्यम मानलेली एक गोष्ट प्रत्यक्षात मोठी ठरते : आकडे आणि वेळ. जर्मनमध्ये पस्तीस म्हणताना आपल्यासारखंच आधी पाच, मग तीस. अरबी भाषकाला हे ओळखीचं आहे, फारसी भाषकाला उलटं. त्याला फोनवर खोली क्रमांक ३५ सांगितला की तो ऐकेल तसा ५ आणि मग ३ लिहितो आणि ५३ नंबरच्या दारात जाऊन उभा राहतो. वेळेचं याहून वाईट. ‘हाल्ब द्राय’चा शब्दशः अर्थ ‘अर्धे तीन’, पण वेळ अडीचची. नवखा माणूस साडेतीनला पोहोचतो. कचेरीतली ठरलेली वेळ हुकली की पुढची तारीख मिळायला कधी आठवडे लागतात, आणि कागदावर शेरा पडतो, ‘हजर राहिला नाही’. व्याकरणाच्या शंभर चुकांनी जेवढं नुकसान होत नाही तेवढं या दोन शब्दांनी होतं. म्हणून पहिल्या महिन्यात क्रियापदं चालवून दाखवण्याऐवजी आकडे, वेळ, स्वतःच्या नावाची अक्षरं फोनवर सांगणं, आणि ‘कृपया सावकाश सांगा’, ‘हे लिहून द्याल का?’ अशी पाच-सहा वाक्यं घोटून घ्यावीत.

वर्गातली दुसरी अदृश्य अडचण म्हणजे मन. ज्याने हिंसा पाहिली आहे त्याला लक्ष एकाग्र करणं आणि नवं साठवणं जड जातं. झोप नसेल तर आणखी जड. काल आलेले शब्द आज कोरे होतात, आणि शिक्षक ‘घरी उजळणी केली नाही’ म्हणून मोकळा होतो. बहुतेक पाठ्यपुस्तकांचा दुसरा किंवा तिसरा धडा ‘माझं कुटुंब’ असतो आणि त्यानंतर ‘माझं घर’. ज्याचं घर पडलं, भाऊ बेपत्ता आहे, त्याला ‘तुला भावंडं किती?’ विचारून वाक्यरचनेचा सराव करून घ्यायचा? उपाय अगदी सोपा. भिंतीवर एका काल्पनिक कुटुंबाचं चित्र लावायचं आणि सगळे प्रश्न त्याबद्दल विचारायचे. ज्याला दाराजवळ बसायचं आहे त्याला तिथेच बसू द्यायचं. आगीच्या सरावाची घंटा होणार असेल तर आदल्या दिवशी आणि त्या सकाळी पुन्हा सांगायचं.

‘कामाला लावा, भाषा आपोआप येईल’ हा सल्ला अर्धा खरा आहे. काम कोणतं, यावर सगळं ठरतं. वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम केलं तर दिवसभर बोलणं होतं. रात्रपाळीची सफाई किंवा भांडी धुण्याचं काम असेल तर पन्नास शब्दांवर वर्ष निघतं. शिवाय कानावर पडलेलं तसंच तोंडात बसतं. ‘मी उद्या काम नाही येणे’ अशा थाटाची जर्मन कामापुरती चालून जाते. समोरचा समजून घेतो, कोणी दुरुस्त करत नाही, आणि तीन वर्षांनी ती चूक इतकी मुरलेली असते की वर्गात बसूनही निघत नाही. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की मुकादम अशा कामगाराशी अरे-तुरेत बोलतो, म्हणून तोही सगळ्यांशी अरे-तुरेतच बोलायला शिकतो, आणि मग कचेरीतल्या अधिकाऱ्यालाही ‘तू’ म्हणतो. अधिकाऱ्याला तो उर्मट वाटतो. वर्ग आधी की काम आधी, यापेक्षा अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस बोलावं लागेल असं काम, ही जोडी आम्हाला सर्वांत फायद्याची वाटते.

बायकांच्या बाबतीत बहुतेक वेळा घोडं अडतं ते तान्ह्या मुलांपाशी. वर्गाशेजारच्या खोलीत मुलं सांभाळायची सोय असली की हजेरी टिकते. कॅनडात १९९२पासून चालणाऱ्या नवागतांच्या भाषावर्गांत बऱ्याच ठिकाणी ही सोय त्याच इमारतीत असते. जिथे ती नाही तिथे ‘त्या बायकांना शिकायचंच नाही’ असं म्हटलं जातं.

मुलांबद्दलचा गैरसमज उलट्या टोकाचा आहे. ‘मुलं काय, सहा महिन्यांत शिकतात!’ सुरुवातीला कित्येक मुलं काही महिने एक शब्द बोलत नाहीत. ती ऐकत असतात, त्यांना मंद समजू नये. मैदानावरची बोली साधारण दोन वर्षांत येते. पण विज्ञानाचा धडा वाचून उत्तर लिहिण्याची भाषा वर्गमित्रांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी कॅनडात हा फरक १९७०च्या दशकाअखेरीस मांडला. अस्खलित बोलणारी बारा वर्षांची मुलगी गणिताच्या शाब्दिक उदाहरणात का अडते, याचं उत्तर इथे आहे. ‘घरीही नवीच भाषा बोला’ हा आईबापांना दिला जाणारा सल्ला तर घातकच. मोडक्या भाषेत मूल वाढवण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत गोष्टी सांगितल्या, वाचून घेतल्या, तर नव्या भाषेतलं वाचनही सुधारतं. स्वीडनने १९७७च्या सुधारणेनंतर शाळांतून मातृभाषेच्या तासिका द्यायला सुरुवात केली ती उगाच नाही.

हे सगळं सुस्थितीतल्या देशांचं झालं. जगातले सुमारे दोन तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशात थांबतात, आणि तिथे भाषेच्या वर्गाचा प्रश्न राजकीय असतो. भाषा शिकवणं म्हणजे ‘राहा’ म्हणणं, असं सरकारांना वाटतं. तुर्कस्तानात सीरियन मुलांसाठी आधी अरबी माध्यमाची तात्पुरती केंद्रं होती. २०१६पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करून मुलांना तुर्की शाळांत घातलं गेलं. दोन-चार वर्षं अरबीत शिकलेल्या मुलाला तुर्कीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांत २०२१पासून म्यानमारचा अभ्यासक्रम आणला गेला. त्यांची बोली चितगावच्या बोलीला जवळची, म्हणून बोलण्याचं निभतं. पण बांगला लिहिण्या-वाचण्याचं शिक्षण छावणीत दिलं जात नाही.

राहिला प्रश्न परीक्षेचा. जर्मनीतल्या नवागतांच्या परीक्षेत ऐकणं २५ मिनिटं, वाचणं ४५, लिहिणं ३० आणि तोंडी सुमारे १६ मिनिटं असते. बी-१ मिळायला तोंडी परीक्षेत बी-१ हवंच, आणि लेखन किंवा श्रवण-वाचन यांपैकी कोणत्याही एकात. म्हणजे लेखन कच्चं असूनही प्रमाणपत्र मिळू शकतं. त्या प्रमाणपत्रावर माणूस एखाद्या कारागिरीच्या प्रशिक्षणाला जातो, आणि व्यवसाय शाळेच्या लेखी पेपरात आपटतो. तिथे प्रत्यक्षात बी-२ लागतं. उलट बाजूला, कधी पेन न धरलेली बाई ९०० तासिकांनंतर ए-२ला पोहोचते. आकडेवारीत ती ‘बी-१ न गाठलेली’ म्हणून नापासांच्या रकान्यात जाते.

आमची विनंती एवढीच, की आपल्या वृत्तपत्रात अशी आकडेवारी छापताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : या लोकांना प्रत्यक्ष किती तासिका मिळाल्या, आल्यापासून किती महिन्यांनी मिळाल्या, आणि त्यांतले किती जण स्वतःच्या भाषेत साक्षर होते. तिसरं उत्तर मिळत नसेल तर टक्केवारी छापून काही साधत नाही.

आपले,
प्रौढ भाषाशिक्षणाच्या कामातील काही शिक्षक

ता. क. बातम्यांत निर्वासितांची वयं छापली जातात, त्याबद्दलही एक. पुष्कळ निर्वासितांच्या कागदावर जन्मतारीख १ जानेवारी असते. ज्याची नोंदच नाही किंवा ज्याला फक्त वर्ष माहीत आहे, त्याच्या अर्जात ती घातली जाते. अफगाणिस्तानातल्या सौर वर्षाची सुरुवात मार्चच्या उत्तरार्धात होत असल्याने सन बदलून लिहिताना वर्षाचाही फरक पडतो. वर्गात ‘तुझा वाढदिवस कधी?’ विचारलं की एकामागून एक ‘एक जानेवारी’ असं उत्तर येतं. नवीन शिक्षकाला वाटतं, प्रश्न कळला नाही, आणि तो पुन्हा विचारतो.